सोमवारची एक वेळ

राजकीय नेता हे समाजाचे आशास्थान असू शकते काय, असा प्रश्न आज एखाद्या सुशिक्षित घराच्या दिवाणखान्यात विचारून पाहावा. ऐकणारे प्रथम हसतील. मग कुणीतरी 'सगळे एकाच माळेचे मणी' म्हणेल, दुसरा एखाद्या घोटाळ्याची आठवण काढील आणि तिसरा 'आम्ही आपले कर भरतो, आमचे काम करतो' असे सांगून विषय क्रिकेटकडे वळवील. राजकारणाविषयी तुच्छतेने बोलणे हे आपल्या मध्यमवर्गात सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाऊ लागले, त्याला आता बरीच वर्षे झाली. नेत्यावर विश्वास ठेवतो तो भाबडा आणि कुणावरच ठेवत नाही तो शहाणा, अशी सोपी वाटणी आपण करून टाकली आहे.

या वाटणीतला भाबडा ठरवला गेलेला माणूसही तितकाच सोयीस्कर वागतो. त्याला नेता सापडलेला असतो. तो त्याची तसबीर लावतो, वाढदिवसाला चौकात फलक उभारतो, त्याच्यावर टीका झाली की भांडायला उठतो आणि एवढे केले की आपले कर्तव्य संपले असे समजतो. वरवर पाहता ही दोन माणसे परस्परविरुद्ध टोकांना उभी आहेत. परंतु जरा बारकाईने पाहिले, तर एका बाबतीत दोघांचे पूर्ण एकमत आहे. जे काही करायचे ते नेत्याने करायचे. एकाला तो काहीही करणार नाही याची खात्री आहे, दुसऱ्याला तो सर्व काही करील याची. आपल्याही वाट्याला काही येते, ही गोष्ट दोघांच्याही हिशेबात नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा वाटाच आहे. नेता आशेचे प्रतीक होतो, हे इतिहासात वारंवार घडलेले आहे आणि संकटाच्या काळात समाजाला त्याची गरजही असते. मात्र नेत्याने सामान्य माणसाच्या हाती करण्याजोगे काही ठेवले, तरच ते प्रतीक कामाला येते. एरवी ते भिंतीवरचे चित्र होऊन राहते.

व्यक्तिपूजेला विरोध करणाऱ्यांची बाजू हलकी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच इशारा दिला होता. धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल. राजकारणात मात्र ती अधःपाताकडे आणि अंती हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. थोर पुरुषांविषयी कृतज्ञ असण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हते. त्या कृतज्ञतेपोटी आपले स्वातंत्र्य त्यांच्या पायाशी ठेवणे त्यांना मान्य नव्हते. पुढे १९७५ मध्ये या इशाऱ्याचा अर्थ देशाने प्रत्यक्ष अनुभवला. इंदिरा म्हणजेच भारत, असे सत्तारूढ पक्षाच्या अध्यक्षांनी म्हणावे आणि कुणाला त्याची लाज वाटू नये, अशी ती वेळ होती.

परंतु यातून 'नेते नकोतच, संस्था आणि नियम पुरेत' असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाणे होय. नियम माणसाला वळण लावतात, गैर करण्यापासून अडवतात. खचलेल्या माणसाला उठवून उभे करणे मात्र नियमाच्या आवाक्यात नाही. ते काम आजवर माणसांनीच केलेले आहे.

गिरणगावातील सहा दिवस

आपल्याच प्रांतातले उदाहरण घ्यावे. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण व्हायची होती. या शिक्षेवर सुशिक्षितांनी हळहळ व्यक्त केली, यात नवल नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनी जे केले ते मात्र ब्रिटिश सरकारला अनपेक्षित होते. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, वर्षाला एक दिवस, असा हिशेब करून हजारो कामगार गिरण्यांबाहेर पडले. पोलीस आले, लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. तरी संप सहा दिवस चालला.

हे कामगार कोण होते? रत्नागिरीकडून आणि घाटावरून पोटासाठी आलेली ही माणसे. त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. 'केसरी'चे अग्रलेख त्यांनी वाचले असणे शक्य नव्हते. फार तर कुणी वाचून दाखवले असतील. युनियन नावाची गोष्ट अजून नीट जन्माला आलेली नव्हती. सहा दिवसांची मजुरी बुडाली तर घरची चूल कशी पेटायची, हा प्रश्न प्रत्येकासमोर होता. अशा माणसाने एका पुणेकर विद्वानासाठी आपली मजुरी आणि प्रसंगी आपला जीव पणाला का लावावा?

याचे उत्तर शोधायला बारा वर्षे मागे जावे लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्यांनी शेतकऱ्यांना नुसता धीर दिला नाही. सरकारनेच केलेला दुष्काळविषयक कायदा त्यांनी शेतकऱ्यांपर्यंत नेला. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब होण्याचा किंवा माफ होण्याचा तुमचा हक्क आहे, तो मागा. मागण्यात गुन्हा नाही, हे सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन समजावले. सरकारला ते इतके झोंबले की सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला. ऐपतदार माणसे गाव सोडून गेली; लोकमान्य गावात राहिले आणि रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्याच्या खटपटीला लागले. 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' अशी जी पदवी त्यांना कुत्सितपणे दिली गेली, तिचा उगम या असल्या कामांत आहे. मुंबईला गेलेल्या गिरणी कामगाराचा भाऊ गावाकडे शेतच करीत होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणजे प्रतीक आधी आणि काम नंतर, असा क्रम तिथे नव्हता. लोकांच्या हाती एक कागद आला, त्या कागदाच्या जोरावर ते मामलेदारासमोर ताठ उभे राहिले आणि ज्याने तो कागद दिला त्याच्या नावाशी त्यांची आशा जोडली गेली.

आशा ही निव्वळ भावना आहे, तिने पोट भरत नाही, असे म्हणणारे अर्थशास्त्री मित्र असतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतले एक उदाहरण देतो. मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, तेव्हा तिथे चौघांमागे एक कामकरी बेकार होता, मागील तीन-चार वर्षांत हजारो बँका बुडाल्या होत्या आणि धास्तावलेले लोक उरलेल्या बँकांतून पैसे काढून घरात दडवीत होते. रूझवेल्ट यांनी सर्व बँका काही दिवस बंद ठेवल्या, तपासणीचा कायदा करून घेतला आणि १२ मार्चला, रविवारी रात्री, ते नभोवाणीवर बोलले. भाषण पंधरा मिनिटांचेही नव्हते. त्यात गर्जना नव्हती. बँकेत ठेवलेला पैसा बँक काय करते, सर्वांनी एकाच दिवशी तो मागितला तर काय होते, कोणत्या बँका कशा क्रमाने उघडणार, हे त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्याने समजावावे तसे सांगितले. गादीखाली ठेवण्यापेक्षा उघडलेल्या बँकेत पैसा अधिक सुरक्षित आहे, एवढे पटवले. सोमवारी बँका उघडल्या, तेव्हा दारांशी पुन्हा रांगा लागल्या. पण या वेळी लोक पैसे भरायला आले होते. पंधरवड्यात, दडवलेल्या पैशापैकी निम्म्याहून अधिक पैसा बँकांत परतला.

इथेही तेच दिसते. लोकांनी करायचे काम एकच होते आणि ते प्रत्येकाला जमणारे होते. उद्या सकाळी उठून बँकेत जायचे. त्या कृतीवाचून तपासणीचा तो कायदा कोरडाच राहिला असता.

ठेंगण्या चणीचे पंतप्रधान

या दोन्हींपेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते ते लालबहादूर शास्त्री यांचे उदाहरण. लोकमान्यांपाशी प्रचंड विद्वत्ता आणि लेखणी होती. रूझवेल्ट यांच्यापाशी घराणे, संपत्ती आणि वाणी होती. शास्त्रीजींपाशी यांतले काहीच नव्हते. मुगलसरायला जन्म, बालपणीच वडिलांचे निधन, आजोळी वाढलेले, आवाज मृदू, शरीराने ठेंगणे. ९ जून १९६४ रोजी ते पंतप्रधान झाले आणि त्याच महिन्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. नेहरूंसारख्या विशाल सावलीच्या माणसानंतर हा कोण, असे दिल्लीत उघड बोलले जाई. १९६५ च्या जानेवारीत भाषेच्या प्रश्नावर मद्रास प्रांत पेटला, तेव्हा ते गोंधळलेले दिसले. त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत त्यांना आशास्थान म्हणणारा माणूस शोधावा लागला असता. पाकिस्तानच्या अयूबखानांनी त्यांच्याविषयी जो चुकीचा अंदाज बांधला, तो आपल्याकडच्या पुष्कळ शहाण्यांनीही बांधला होता.

देशाची मनःस्थिती तर त्याहून खालावलेली होती. १९६२ चा पराभव ताजा होता. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले गेले, तेव्हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असे महाराष्ट्राने अभिमानाने म्हटले. पण त्या अभिमानाच्या तळाशी भीती होती. दुसरीकडे अन्नधान्याची अवस्था लाजिरवाणी होती. पीएल-४८० या करारान्वये अमेरिकेतून येणारा लाल गहू रेशनच्या दुकानांत यायचा, तेव्हा शहरांतल्या चुली पेटायच्या. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी हा पुरवठा थोडा थोडा, जणू हप्त्याहप्त्याने सोडण्याचे धोरण धरले होते. पुढचे जहाज निघणार की नाही, ते वॉशिंग्टनमध्ये ठरे. त्यात १९६५ चा पावसाळा कोरडा गेला. १९६४-६५ मध्ये सुमारे ८ कोटी ९० लाख टन असलेले धान्योत्पादन १९६५-६६ मध्ये ७ कोटी २० लाख टनांवर आले. त्याच ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर शिरले, १ सप्टेंबरला छांब क्षेत्रात रणगाडे आले. ६ सप्टेंबरला भारतीय सेना आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या रोखाने निघाली. तो निर्णय या ठेंगण्या माणसाचा होता.

रणांगणाची हकिगत वाचकांना ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते सोमवारविषयी.

आठवड्यातून एक वेळ, सोमवारी रात्री, जेवू नका, असे आवाहन शास्त्रीजींनी देशाला केले. तत्पूर्वी त्यांनी आपल्या घरात ते करून पाहिले. मुलाबाळांना एक वेळ उपाशी ठेवणे जमते की नाही, हे स्वतः पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या मुलांना कसे सांगायचे, एवढा साधा विचार त्यामागे होता. शासकीय निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवून त्यांनी तिथे शेती केली. देशभर अनेक उपाहारगृहे सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. लाखो घरांत त्या रात्री चूल पेटेना.

महाराष्ट्रात याची एक गंमतही झाली असणार. आपल्याकडे सोमवार धरणारी माणसे पिढ्यान्पिढ्या आहेत आणि ती तो संध्याकाळीच सोडतात. दिवसभर शंकराचा उपवास आणि रात्री शास्त्रीजींचा, अशी त्यांची पंचाईत. शिवाय 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपलीच आहे. साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाणे यांवर सोमवार साजरा करणारे नसतील असे कोण म्हणेल? पण गहू-तांदूळ वाचवणे हा हेतू धरला, तर त्यांनाही पूर्ण नापास करता येणार नाही.

थट्टा सोडून हिशेब करू. आठवड्यात दोन वेळांप्रमाणे चौदा जेवणे. त्यांतले एक सोडले म्हणजे सात टक्के. देशातील झाडून सर्वांनी ते सोडले असते, तरी तूट होती एकोणीस टक्क्यांच्या घरात. आणि सर्वांनी सोडणे शक्यही नव्हते. ज्याला मुळात एकच वेळ मिळत होती, त्याने काय सोडायचे? सोमवारच्या उपवासाने देशाची भूक भागली, असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. १९६६ मध्ये आपल्याला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. टीकाकार तेव्हाही म्हणत होते की हा दिखावा आहे, उपाशी देशाला उपवासाचा उपदेश आहे. त्यांचे गणित बरोबर होते.

गणित बरोबर असूनही त्यांचा निष्कर्ष चुकला, असे मी म्हणतो. कारण त्यांनी फक्त वाचलेले धान्य मोजले. त्या एका वेळेने दुसरे काय साधले, ते पाहण्यासाठी शास्त्रीजींच्या कारकिर्दीतील शेतीकडे वळावे लागते. त्यांनी अन्न आणि कृषी हे खाते सी. सुब्रह्मण्यम यांच्याकडे दिले. ज्या खात्यात बढतीपेक्षा बदनामीच अधिक मिळते, ते खाते घ्यायला त्या काळी कोणी मोठा नेता उत्सुक नसे. जानेवारी १९६५ मध्ये प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. त्याच महिन्यात अन्न महामंडळ उभे राहिले. त्याच वर्षी मेक्सिकन गव्हाचे अडीचशे टन बियाणे आले. शेतकऱ्याला परवडेल असा भाव दिल्याशिवाय तो अधिक पिकवणार नाही, हे या धोरणाचे सार होते आणि त्याला मंत्रिमंडळात व नियोजन मंडळात विरोध होता. कारण शेतकऱ्याला चांगला भाव म्हणजे शहरातल्या ग्राहकाच्या खिशाला चाट. स्वस्त धान्य हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, असे शहरी नोकरदार तोवर मानीत आला होता.

अशा वेळी त्या नोकरदाराच्या घरात दर सोमवारी रात्री ताटे मांडली जात नव्हती. मुले विचारीत होती, आज का नाही? आणि आई-वडिलांना उत्तर द्यावे लागत होते. सीमेवरचा जवान आणि बांधावरचा किसान ही दोन माणसे त्या उत्तरात रोज नव्हे, तरी आठवड्यातून एकदा त्या घरात येत होती. 'जय जवान, जय किसान' ही घोषणा तोंडी रुजली, ती केवळ यमकामुळे नाही. तिच्या मागे एक रिकामे ताट होते. धान्य म्हणजे दुकानातून येणारी वस्तू नसून कुणीतरी पिकवलेली वस्तू आहे, ही जाणीव शहराला त्या काळात झाली. नव्या कृषिधोरणाला पुढे जो सार्वत्रिक पाठिंबा मिळाला त्यात तिचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. पुढे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर अटलजींनी त्या घोषणेला 'जय विज्ञान' जोडले, तेव्हा मूळची दोन पदे कुणाला समजावून सांगावी लागली नाहीत.

पेरणी करणाऱ्याला कापणी दिसली नाही. १९६७-६८ मध्ये धान्योत्पादन साडेनऊ कोटी टनांवर गेले आणि १९६८ मध्ये गहू क्रांतीचे टपाल तिकीट निघाले. तोवर शास्त्रीजींना जाऊन दोन वर्षे उलटली होती.

विश्वास कशावर ठेवला?

लोकांनी सोमवार पाळला, कारण सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास सप्टेंबरमधल्या युद्धाने एकाएकी निर्माण केला, असे म्हणणे अपुरे आहे. युद्धाने तो जागा केला. साठा पूर्वीपासून जमत होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियलूरजवळ रेल्वेला भीषण अपघात होऊन दीडशेच्या आसपास माणसे मेली, तेव्हा रेल्वेमंत्री शास्त्रीजींनी राजीनामा दिला. त्याआधीच्या महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी तो दिला होता. पंडितजींनी तेव्हा स्वीकारला नव्हता. दुसऱ्यांदा स्वीकारताना, यात शास्त्रीजींचा वैयक्तिक दोष नाही, पण सार्वजनिक जीवनात एक पायंडा पडावा म्हणून आपण हा स्वीकारतो, असे पंडितजींनी संसदेत सांगितले. पंतप्रधान झाल्यावर घेतलेल्या फियाट मोटारीची गोष्ट त्यांच्या चिरंजीवांनी सांगितलेली आहे. गाडीची किंमत बारा हजार, शिल्लक सात हजार, म्हणून पाच हजारांचे कर्ज पंजाब नॅशनल बँकेतून. शास्त्रीजींच्या मृत्यूनंतर ते कर्ज ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले.

अशा गोष्टी सांगताना आपण अनेकदा साधेपणाच्या कौतुकापाशी थांबतो. साधेपणा हा गुण आहेच. परंतु नुसत्या साधेपणाने कारभार चालत नाही. साधे आणि निष्क्रिय नेते आपण पाहिले आहेत. शास्त्रीजींचे वैशिष्ट्य असे की ते माहिती घ्यायला स्वतः जात. ऑक्टोबर १९६४ मध्ये ते आणंदला गेले, तेव्हा जवळच्या अजरपुरा नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी रात्रभर राहिले. दुधाची सहकारी सोसायटी कशी चालते, पैसे कधी मिळतात, गरीब माणसालाही तिथे रांगेत तोच मान मिळतो का, हे त्यांनी गावकऱ्यांकडून विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी डॉ. कुरियन यांच्याशी बोलणे झाले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणंदलाच स्थापन झाले, दिल्लीला नव्हे. आज महाराष्ट्रातल्या ज्या शेतकऱ्याच्या घरी दुधाचा पैसा येतो, त्याने त्या रात्रीची आठवण ठेवायला हरकत नाही.

आता ताश्कंद. १० जानेवारी १९६६ च्या करारान्वये जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड परत द्यायचे ठरले. देशात संताप झाला. महावीर त्यागी हे शास्त्रीजींचे मंत्रिमंडळातील सहकारी. त्यांनी या कराराच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडले. करार झाला त्याच रात्री शास्त्रीजींचे निधन झाले. त्या मृत्यूविषयी अजूनही पुष्कळ लिहिले-बोलले जाते. तो विषय इथे नको. सांगायचे ते एवढेच की हाजी पीरबद्दल नाराज असलेली माणसेही दुसऱ्या दिवशी हमसून रडली. त्यागींचा राजीनामा आणि लोकांचे अश्रू यांत विसंगती नव्हती. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्या निर्णयाला 'हे चूक आहे' असे म्हणणे, आणि तसे म्हटले म्हणून त्याला शत्रू न मानणे, हे आपल्या समाजाला तेव्हा जमत होते. बाबासाहेबांना जी भक्ती घातक वाटत होती, ती ही नव्हे.

याउलट, वाटा न देणारी आशा किती लवकर विरते, याचेही एक उदाहरण आहे. २००८ साली अमेरिकेत बराक ओबामा निवडून आले, तेव्हा 'आशा' हा एकच शब्द लिहिलेले त्यांचे चित्र गल्लोगल्ली लागले होते. वर्ष पुरे होण्याआधीच त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. काय केले म्हणून, हे देणाऱ्यांनाही नीट सांगता आले नाही. ओबामा कर्तृत्वहीन होते असे नाही. आरोग्यविम्याचा कायदा त्यांनी विरोधाला न जुमानता केला. परंतु निवडणुकीत दारोदार फिरलेल्या लाखो तरुण स्वयंसेवकांना निकालानंतर करायला फारसे काही उरले नाही. त्यांनी आता टाळ्या वाजवायच्या किंवा निराश व्हायचे. २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहातल्या त्रेसष्ट जागा पक्षाने गमावल्या. मत देऊन झाल्यावर माणसाला घरी पाठवले की तो घरीच बसतो.

आपल्याकडच्या सभांचे चित्र पाहिले की हे आठवते. मैदान भरते, ध्वनिक्षेपक उत्तम असतात, नेता अमोघ बोलतो, लोक भारावतात आणि गाड्या गावाकडे परततात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भारावलेल्या माणसाने काय करायचे असते? बहुधा काहीच नाही. फार तर ते भाषण भ्रमणध्वनीवरून दहा जणांना पाठवायचे. पक्ष कोणताही असो. ही तक्रार कार्यकर्त्यांनी नेत्यांकडे करण्यात अर्थ नाही, कारण मधली जागा कार्यकर्त्याची आहे. सार्वजनिक सभेचा तो कागद शेतकऱ्याच्या हाती लोकमान्यांनी स्वतः नेऊन दिला नव्हता. तो कुणा ना कुणा कार्यकर्त्याने दिला होता, ऊन-पावसात पायी जाऊन. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत.

आणि दिवाणखान्यातल्या त्या शहाण्या माणसाविषयीही एक सांगितले पाहिजे. 'सगळे सारखेच' या वाक्याने नेत्यांचे काही बिघडत नाही. वाईट नेत्यांना तर ते सोयीचेच असते, कारण मग चांगल्याला निवडायचे कारण उरत नाही. बिघडते ते त्याच खोलीत कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे. १९६५ मध्ये त्या वयाच्या मुलाला सोमवारी रात्री भूक लागत असे आणि ती का लागते हे ठाऊक असे. आजच्या मुलाला भूक लागण्याची गरज नाही, ईश्वरकृपेने आणि शेतकऱ्याच्या कष्टाने कोठारे भरलेली आहेत. पण गावच्या ग्रामसभेला किती माणसे बसतात, प्रभागातली शाळा का ओस पडते, रेशनच्या दुकानात कोणाचे धान्य कोण उचलतो, यांतले एखादे काम घरातल्या मोठ्यांनी अंगावर घेतले आहे आणि ते अमुक नेत्याच्या शब्दाखातर घेतले आहे, असे त्याने कधी पाहिले आहे काय? निवडणुका येतील, नवे चेहरे येतील, त्यांतला एखादा खरोखर मोठ्या योग्यतेचा असेल. तो सभेत बोलायला उभा राहील, तेव्हा त्याने आपल्याकडे काय मागितले, हे वहीत टिपून ठेवावे आणि घरी येऊन मुलाला दाखवावे.